अजून गरम हाय

शौकतभाई कुठल्याही यंत्राला पहिल्यांदा हात लावायचे तो पालथा. फ्रिज असो, मिक्सर असो, नाहीतर तेव्हा नव्यानेच आमच्या भागात दिसू लागलेला लॅपटॉप असो, उजव्या हाताच्या बोटांची पाठ त्यावर टेकवायची, डोळे बारीक करायचे आणि मनात काहीतरी मोजत असल्यासारखं थांबायचं. मी एकदा कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, "तळहात कामानं निबर झालाय, सर. त्याला सगळंच थंड वाटतं. पाठ अजून खरं सांगते."

महाडच्या बाजारपेठेत एका गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. आखातात तेरा वर्षं एसी दुरुस्तीची कामं करून ते परत आले होते. आल्यावर फ्रिज-पंख्यांची दुरुस्ती सुरू केली आणि लॅपटॉप आले तसे तेही उघडून बघायला लागले. कुणी शिकवलं नव्हतं. "थंड करायचं काम तेच हाय. फक्त खोली लहान झाली," असं त्यांचं म्हणणं.

माझी त्यांची गाठ पडली ती एका मार्च महिन्यात. मी पोलादपूरला हायस्कूलमध्ये गणित शिकवायचो. ठाण्याच्या मेहुण्याने त्याच्या ऑफिसातून निघालेला एक जुना लॅपटॉप मला दिला होता, पाट्यासारखा जड. दहावीच्या मुलांचे तोंडी परीक्षेचे गुण मी त्यात भरत होतो आणि दर पंधरावीस मिनिटांनी तो न सांगता पटकन बंद पडायचा. दुसऱ्या दिवशी याद्या द्यायच्या होत्या. मी रजा टाकली, यष्टी पकडली आणि महाड गाठलं.

शौकतभाईंनी पालथा हात टेकवला. मग विचारलं, "कुठं ठेवून चालवता?"

"घरीच. गादीवर."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "सर, ह्याचं नाक खाली हाय. तुम्ही त्याला उशीत तोंड खुपसून पळायला लावताय."

त्यांनी मागचे स्क्रू काढले, दाढीच्या ब्रशने पंख्याची पाती साफ केली आणि चिमट्याने जाळीच्या आतून एक चपटी करडी वडी ओढून काढली. धूळ आणि गादीचा कापूस यांची ती वडी माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "हे घरी न्या. बायकोला दाखवा. म्हंजे गादी बंद होईल."

आंब्याच्या पेटीच्या चार पट्ट्या ठोकून त्यांनी मला एक चौकट करून दिली, लॅपटॉप खालून मोकळा राहील अशी. त्या चौकटीवर मी संध्याकाळपर्यंत त्यांच्याच दुकानात बसून याद्या पुऱ्या केल्या. मधून मधून ते यायचे, बोटांची पाठ टेकवायचे आणि न बोलता परत जायचे.

पुढे महाडला गेलो की त्यांच्याकडे डोकावल्याशिवाय परतायचो नाही. माणूस बोलायला मवाळ. पण यंत्रावर कपडा दिसला की त्यांचा ताबा सुटायचा. एका ट्रकमालकाच्या बंगल्यावर मी त्यांच्यासोबत गेलो होतो. दिवाणखान्यात टीव्हीला झालर लावलेलं पांघरूण, फ्रिजवर क्रोशाचा रुमाल आणि लॅपटॉप तर मखमली पिशवीत, तोही चालू! शौकतभाईंनी समोर आलेला चहा तसाच ठेवला. आधी सगळ्या खोलीत फिरून एकेक पांघरूण उतरवलं, घड्या घालून मालकिणीच्या हातात दिलं आणि मग कप उचलला. मालकीण बिचारी घरात कुणी गेल्यासारखी उभी होती.

पण ह्या माणसाच्या हातूनही एक चूक झाली होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. पाचाडची वैशाली नावाची इंजिनियरिंगची मुलगी लॅपटॉप घेऊन आली होती. तापतो, बंद पडतो, एवढीच तक्रार. दुकानात कामं तुंबलेली होती. शौकतभाईंनी हात न लावताच सांगितलं, "नंबरानं ये. परवा आण. दोन दिवसांत काय होत नाय." ती मुलगी तोवर रात्रंदिवस काम करत बसली आणि लॅपटॉप जळून गेला. आत तिच्या शेवटच्या वर्षाचा सगळा प्रकल्प होता. दुसरीकडे कुठे काही उतरवून ठेवलेलं नव्हतं.

शौकतभाई दुकान बंद करून पाचाडला गेले. तिच्या वडिलांसमोर उभे राहून म्हणाले, "पोरीची चूक नाय. मी हात लावून बघायला पायजे होता." मग त्या लॅपटॉपमधली डिस्क काढून स्वतः मुंबईला घेऊन गेले, तीन दिवस कुणाकुणाच्या दारात बसले आणि निम्मा प्रकल्प परत घेऊन आले. उरलेला निम्मा तिने पुन्हा टाइप केला. ती पास झाली. पण त्यानंतर दुकानात कुणीही काहीही घेऊन आलं, तर त्यांचा पहिला प्रश्न "काय झालं?" हा नसायचा. ते विचारायचे, "आत काय हाय?"

हे सगळं मला नंतर सांगावंसं वाटलं ते एका दुपारी जे घडलं त्यामुळे. मे महिना होता. आमच्याकडे रोज बारा ते चार वीज जायची. पावणेबाराच्या सुमाराला माझा फोन वाजला. आखातातून दिलीप बोलत होता. तो खेडचा. माझा जुना विद्यार्थी रफिक आणि तो तिकडे एकाच खोलीत राहायचे.

"सर, रफिकच्या पायावर पाइपांचा गठ्ठा पडलाय. पाच दिवस झाले. घरी मुरगळलाय म्हणून सांगितलंय त्यानं."

"आणि खरं काय?"

"गुडघ्याखाली पाय काळा पडलाय. डॉक्टर म्हणतात कापायला लागेल. आजच. तो सही करत नाय, सर. नर्सला, मला, सगळ्यांना घालवून देतो. आईचा फोन दिला तर 'बरा हाय' म्हणून ठेवून देतो. त्याच्या आईनं त्याला बघितलं पायजे. तोंडावर तो खोटं नाय बोलणार."

दिलीपने स्वतःचा लॅपटॉप हॉस्पिटलात नेला होता. कॅमेरा लावून समोरासमोर बोलण्याची सोय असलेलं पोलादपुरात माझ्या माहितीचं एकच यंत्र होतं, ते माझ्या घरी. मी रिक्षा पाठवून हलिमाचाचींना त्यांच्या गावाहून बोलावून घेतलं. रफिकची आई. सत्तरीच्या आसपासची बारीक बाई, पदर हनुवटीखाली घट्ट धरलेला. वाटेत रिक्षावाल्याने काय सांगितलं कोण जाणे, आल्या त्या उंबऱ्यातच म्हणाल्या, "मेला का जिता हाय, तेवडं सांगा."

माझ्याकडे छोटा इन्व्हर्टर होता. त्यावर लॅपटॉप आणि मोडेम चालायचे, छताचा पंखा नाही. घरावर पत्रा. दुपारी आत भट्टी व्हायची. आम्ही कॉल लावला. पडद्यावर रफिकचा चेहरा आला, दाढी वाढलेली, ओठ सुकलेले. आईला बघून त्याने तोंड फिरवलं. चाची नुसत्या "रफिक, रफिक" करत राहिल्या. चौथ्या-पाचव्या मिनिटाला तो काहीतरी बोलायला वळला आणि पडदा काळा झाला.

मी पुन्हा चालू केला. सुरू होऊन कॉल लागायला पाच मिनिटं गेली आणि तीन मिनिटांत परत बंद. तिसऱ्यांदा तर सुरूच झाला नाही. मी महाडला फोन लावला.

शौकतभाईंनी एकच गोष्ट विचारली. "आत काय हाय?"

"आत एक माणूस आहे," मी म्हणालो आणि घाईघाईत सगळं सांगितलं.

"बंद ठेवा. बटणाला हात लावू नका. निघालोच."

स्कूटरवरून ते अर्ध्या तासात आले. त्या अर्ध्या तासात चाची काळ्या पडद्यासमोरून उठल्या नाहीत. दिलीपचा दोनदा फोन आला. डॉक्टर संध्याकाळच्या आत म्हणत होते.

शौकतभाई आत आले आणि बसण्याआधी माझ्या बायकोला विचारलं, "ताई, ह्या घरात सगळ्यात थंड जागा कुठली?"

सुनंदा म्हणाली, "मोरीजवळची भिंत. मागे फणस आहे."

सगळा पसारा तिथे हलवायचा म्हणजे टेलिफोनची वायर पुरत नव्हती. त्यांनी पिशवीतून वायर काढली, दाताने सोलली, जोडली. लॅपटॉप उलटा करून खालचं झाकण काढलं आणि बाजूला ठेवून दिलं. सुनंदाकडून चार वाट्या मागून घेतल्या, त्या लादीवर पालथ्या घातल्या आणि त्यांच्यावर लॅपटॉप ठेवला. जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेला एक छोटा पंखा स्कूटरमधून काढून आणलेल्या बॅटरीला जोडून खालच्या फटीत लावला. कॉलखेरीज जे जे चालू होतं ते मला बंद करायला लावलं. पडद्याचा उजेड इतका कमी केला की चाचींना पुढे सरकून बसावं लागलं.

शेजारच्यांनी तेवढ्यात बर्फ आणून दिला होता. मी फडक्यात गुंडाळून लॅपटॉपला लावायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. जोरात.

"पाणी सुटेल, सर. आत गेलं की खेळ संपला. वारा द्यायचा. फक्त वारा." त्यांनी एक वहीचा पुठ्ठा माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला. "हिकडून हिकडं. उलटा नाय. गरम हवा त्याच्याच तोंडावर जाईल."

कॉल लागला. दिलीपने लॅपटॉप रफिकच्या पोटावर ठेवला असावा, कारण चित्र त्याच्या श्वासाबरोबर वरखाली होत होतं.

"पाय दाखव," चाची म्हणाल्या.

"नको, मा."

"दाखव. मी तुला उघडा-नागडा वाढवलाय."

दिलीपने लॅपटॉप पायाकडे वळवला आणि चादर उचलली. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. सुनंदा आत निघून गेली. चाची हलल्या नाहीत.

"डाक्तर कापतो म्हणतो, तर का नाय म्हणतोस?"

"एका पायानं घरी येऊन काय करू? तुझ्या उरावर बसू?"

शौकतभाई पुठ्ठा हलवत होते आणि दर मिनिटाला डावा हात खाली घालून बोटांची पाठ टेकवत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो चेहरा हळूहळू बदलत गेला. ते माझ्याकडे झुकून हलक्या आवाजात म्हणाले, "चढतंय. आपला कॅमेरा बंद केला तर भार कमी होईल."

मी चाचींना सांगितलं, "चाची, थोडा वेळ तुम्ही त्याला दिसणार नाही. पण तो तुम्हांला दिसेल."

"नाय!" त्या माझ्यावर ओरडल्या. "त्याला मी दिसले पायजे. मी दिसते तोवर तो फोन ठेवणार नाय."

शौकतभाईंनी पुन्हा बोटं टेकवून पाहिली. मग म्हणाले, "सर, मशीन जाईल कदाचित. आत काय हाय तुमचं?"

"मुलांचे निकाल. त्यांची प्रत आहे शाळेत."

"मग जळू दे," ते म्हणाले आणि पुठ्ठा अजून जोरात हलवायला लागले. हा माणूस असं काही बोलेल हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर मी हसलो असतो.

पडद्यावर रफिक रडत होता. "मा, तू जा आता. मला त्रास होतो."

चाची पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. आवाज चढवला नाही. "ऐक. तुझा बाप दोन पाय घेऊन मुंबईला गेला. वीस वर्षं झाली, आला नाय. दोन पायांचं मी काय लोणचं घालू? तू एक घेऊन ये. नायतर काठी घेऊन ये. पन घरी ये, रफिक."

रफिकने तोंड उघडलं आणि पडदा काळा झाला.

 छोटा पंखा तेवढा खालून घुंघुं करत होता. मी बटणाकडे हात नेला.

"नाय," शौकतभाई म्हणाले.

"अहो, तो बोलत होता!"

"अजून गरम हाय. आता दाबलं तर दोन मिनिटांत परत जाईल आणि मग रात्रीपर्यंत उठणार नाय. थांबा."

त्यांनी बोटं आत घालून टेकवली. काढली. पुठ्ठा हलवत राहिले. एक मिनिट. दोन. चाची त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी शौकतभाईंच्या सदऱ्याची बाही धरून ओढली.

"दाब ना रे! माझा पोरगा तिकडं एकटा हाय, दाब ना!"

"चाची, अजून गरम हाय."

"तुला मुलं हायत का नाय?"

शौकतभाईंनी पुठ्ठा दुसऱ्या हातात घेतला. त्यांच्या कानशिलांवरून घाम गळत होता आणि तो लॅपटॉपवर पडू नये म्हणून ते मान बाजूला धरून बसले होते. चाचींनी बाही सोडली नाही. मी घड्याळाकडे बघायचं टाळत होतो, तरी बघत होतो. सहा मिनिटं. आठ. इतक्यात माझा फोन वाजला, मी उचलीपर्यंत कटला. दिलीपचाच होता. मी लावला तर लागेना. आता मात्र मला वाटलं, ह्या माणसाचा हट्ट आज कुणाचा तरी जीव घेणार. मी ते बोललोही. "शौकतभाई, पुरे झालं. लॅपटॉप माझा आहे."

त्यांनी मान वर केली. डोळे लाल झाले होते. "दोन मिनिटं द्या, सर. मी हात जोडतो."

मी दोन मिनिटं दिली. त्यांनी बोटांची पाठ पुन्हा टेकवली, ह्या वेळी बराच वेळ तशीच ठेवली आणि स्वतःच बटण दाबलं.

लॅपटॉप सुरू झाला. कॉल लागला. समोर पांढरी चादर दिसली आणि रिकामी खाट.

चाचींच्या तोंडून आवाज निघाला, तो मी पुन्हा कधी ऐकू नये असं वाटतं. तेवढ्यात दिलीपचा चेहरा बाजूने आत आला.

"नेला त्याला! आत नेला, चाची! सही केली!"

"कधी?" मी विचारलं.

"तुम्ही गेल्यावर. पडदा काळा झाला, तर म्हणाला, मा गेली का? मी म्हटलं, लाइट गेली असेल. गप्प पडून राहिला पाच-सात मिनिटं. मग म्हणाला, आण तो कागद."

चाची भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्या हातात शौकतभाईंची बाही अजून तशीच होती. त्यांनी ती सोडली आणि हातानेच सदरा सारखा करत राहिल्या. म्हणाल्या, "लेका, मी तुला काय काय बोलले."

"माझी आई असती तर ह्याच्या दुप्पट बोलली असती," शौकतभाई म्हणाले.

नंतर ते मागच्या पायरीवर जाऊन बसले. सुनंदाने दिलेलं तांब्याभर पाणी त्यांनी एका दमात संपवलं. मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. तीन बोटांच्या पाठीवर लालभडक चट्टे उठले होते.

"दुखत असेल."

"हे काय नाय," ते म्हणाले. आणि मग, मी काही न विचारता, फणसाकडे बघत सांगितलं. "तिकडं माझा एक जोडीदार होता. पंजाबचा. छपरावरच्या मशीनखोलीत आमी दोघं होतो. मी म्हटलं, उतरू या, लय गरम झालंय. सुपरवायझर म्हणाला, पाच मिनिटं, काम संपवा. मी पाणी आणायला म्हणून खाली आलो. तो थांबला." त्यांनी रिकामा तांब्या पायरीवर ठेवला. "पाच मिनिटंच होती, सर."

लॅपटॉप आणखी तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी गेला तो गेलाच. शौकतभाईंनी उघडून बघितला आणि म्हणाले, "काम करून गेला." दुरुस्त होईल असं त्यांनी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही.

रफिक दिवाळीच्या आसपास आला, कुबड्यांवर. पुढे नकली पाय बसवला आणि पोलादपुरात मोबाइलचं दुकान टाकलं. मी शौकतभाईंना म्हटलं, चला, भेटून येऊ. ते नको म्हणाले. "मी त्याला ओळखत नाय. उगाच त्याला उपकार वाटायचे." चाची मात्र वर्षातून एकदा, ईदच्या दुसऱ्या दिवशी, डबा घेऊन महाडला त्यांच्या दुकानात जायच्या. शिरकुर्मा बाकावर बसूनच खायला लावायच्या आणि रिकामा डबा घेऊनच परतायच्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पोलादपूरच्या स्टँडवर. तोही मे महिनाच. डांबर पायाखाली मऊ झालं होतं. महाबळेश्वरची गाडी लागली होती आणि खिडकीत शौकतभाई बसले होते. अंगात जाड लोकरीचा स्वेटर, गळ्यात मफलर, डोक्यावर माकडटोपी. शेजारी त्यांची बायको हसू दाबत बसलेली. बाकीचे प्रवासी त्यांच्याकडे वळून वळून बघत होते.

"हे काय शौकतभाई?"

"महाबळेश्वरला चाललोय. दोन दिवस. पोरीनं खोली घेऊन दिली." ते थोडे ओशाळले. "खरं सांगू का सर? इतकं जवळ, पन कधी गेलो नाय. वर थंडी असते म्हणतात."

"पण ती वर! इथे चाळीस डिग्री असेल. घामानं भिजलात."

त्यांच्या बायकोने पलीकडून मान पुढे काढली. "सकाळी महाडपासून घालून बसलेत. काढायला सांगितलं तर म्हणतात, गाडीत थंडी अचानक आली तर?"

शौकतभाई हसले. कपाळावरून ओघळणारा घाम त्यांनी मफलरच्या टोकाने पुसला. कंडक्टरने घंटी दिली. गाडी आंबेनळीच्या रस्त्याला वळली, तेव्हा त्यांनी खिडकीची काच अर्धी ओढून घेतली आणि उरलेल्या फटीतून हात बाहेर काढून हलवला.

त्या पावसाळ्यात ते झोपेतच गेले, असं मला महाडहून कळलं. वर थंडी होती की नाही, हे विचारायचं राहून गेलं.